बाजूच्या सीटचा ब्रेक

४ सप्टेंबर

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. खरं तर आज वाकता येत नाहीये, कारण काल एका गाईने मला भिंत समजून माझ्यावर रेलून घेतलं. पण नमस्कार मनापासून आहे.

फोन न करता पत्र का, असं विचारू नकोस. ‘फोनवर बोललेलं फायलीला लागत नाही’ हे तूच मला लहानपणी शिकवलंस.

गोष्ट अशी आहे. पशुवैद्यकीयचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि मला गावाबाहेरचा दवाखाना मिळाला. गावाबाहेर म्हणजे, रस्ता संपला असं वाटतं ना, त्याच्याही पुढे. तिथे सकाळी एक बस जायची. ती बंद झाली. कारण विचारलं तर म्हणाले, प्रवासीच नव्हते. मी रोज तिच्यात बसत होते ते बहुधा सामान म्हणून.

आमच्या दवाखान्याच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांचं घड्याळ सूर्यालाही वेळ विचारू देत नाही. ‘जनावर वेळ बघून आजारी पडत नाही, पण डॉक्टरने वेळ बघूनच यायचं,’ असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. उशिराचे शेरे साठले की अख्खी सहामाही पुन्हा करायची. चालत गेले तर मी पोचेपर्यंत पेशंट बरा होऊन चरायला गेलेला असतो.

तेव्हा गाडी हवी. नवी परवडणार नाही. जुनी, स्वस्त आणि कमी पिणारी हवी. बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘आत्याला विचार.’ पंखा किती वर ठेवू म्हटलं तरी ते हेच म्हणतात. तू सगळं आयुष्य खरेदी खात्यात काढलंस. खाटा, बादल्या, रुग्णवाहिका, सगळं तुझ्या सहीने आलं. आता सांग, गाडी कशी घेऊ?

तुझी
टिटवी

१० सप्टेंबर

चि. टिटवीला आशीर्वाद.

विषय : जुनी गाडी.
संदर्भ : तुझं ४ तारखेचं पत्र. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कळवीन.

गाडी घेणं म्हणजे बादली घेणंच. फरक इतकाच, की बादली गळते ते लगेच दिसतं. म्हणून घाई नको.

तीन ठिकाणचे दर लेखी घे. विकणारा तोंडाने जे म्हणेल ते कागदावर मागून घे. निम्मं तो तिथेच गिळेल. तुलनात्मक तक्ता कर. किंमत, वय, लिटरला किती जाते, एवढे रकाने पुरेत. ‘आवडली’ नावाचा रकाना नसतो. आमच्या एका साहेबांना एकदा एक रुग्णवाहिका आवडली होती. स्ट्रेचर आत गेला की तिचं दार लागत नव्हतं. शेवटी रुग्णाने पाय दुमडून घ्यावेत, अशी शिफारस झाली.

विकणाऱ्याने चहा दिला तर पिऊ नकोस. ती त्याची पहिली सवलत असते आणि शेवटचीही.

तू विचारशील, आत्याला गाडीतलं काय कळतं? मी कधी गाडी चालवली नाही, खरं आहे. पण मी रुग्णवाहिका घेतल्या त्यासुद्धा आजारी न पडताच घेतल्या.

माझी मंजुरी आल्याशिवाय कुणाच्या हातात काही ठेवायचं नाही. कमी पडेल ते मी घालीन, म्हणून अट माझी.

आत्या

१९ सप्टेंबर

आत्या,

तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही एकाच आवारात, एकाच दलालाकडे. तीन दरपत्रकं आणि खाली सही एकच. चालतं का?

दलालाला सगळे भाऊ म्हणतात. भाऊ बोलायला लागला की समोरच्याचा हात आपोआप खिशात जातो आणि मग त्याला आठवतं, आपण तर नुसता पत्ता विचारायला थांबलो होतो.

पहिली गाडी काळी, लांबलचक. मी विचारलं, “किती पिते?”

“ताई, ही पीत नाही,” भाऊ म्हणाला, “ही आस्वाद घेते.”

दुसरी हिरवी. मी दार उघडलं तर दार माझ्या हातातच आलं. भाऊने ते माझ्याकडून अदबीने घेतलं, गाडीला टेकवून ठेवलं आणि म्हणाला, “हवेशीर आहे.”

तिसरी पांढरी. आत्या, पांढरी म्हणजे काय पांढरी! “लेडी डॉक्टरांची आहे,” भाऊ म्हणाला. “एकहाती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.” मी म्हटलं, मग त्या दोन? “त्याही डॉक्टरांच्याच.” या गावातले सगळे डॉक्टर गाड्या विकून कुठे चाललेत देव जाणे.

मी तिला जनावरासारखी तपासली. दात पाहिले, म्हणजे टायर. कोरे करकरीत. मग शेपटीकडून पाहिलं. धूर जरा निळसर वाटला. भाऊ म्हणाला, “सकाळची थंडी, ताई.” ऊन डोक्यावर आलं होतं, पण त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मी स्वेटर घातला असता. एक गोष्ट तेवढी खटकली. मीटरवर वय कोवळं दिसतं, पण पेडलचं रबर म्हाताऱ्या गाईच्या दातांसारखं हिरडीपर्यंत झिजलंय. “डॉक्टरबाईंच्या पायात जोर फार,” भाऊ म्हणाला. लिटरला बावीस जाते असं त्याने लिहूनही दिलंय. चहा मी प्यायले नाही. सरबत प्यायले. त्याबद्दल तू काही लिहिलं नव्हतंस.

मी आत बसले, आणि सीटने मला ओळखलं. मंजुरी दे ना.

आणि आत्या, राग मानू नकोस, पण तक्ता वाचून गाडी कळत नाही. तू जन्मात एकदा तरी क्लच दाबला असतास, तर मी काय म्हणते ते तुला कळलं असतं.

टिटवी

२७ सप्टेंबर

चि. टिटवी,

एकाच सहीची तीन दरपत्रकं चालतात. आमच्याकडे तीच चालायची.

पांढऱ्या गाडीला मंजुरी नाही. टायर कोरे आणि पेडल झिजलेलं, म्हणजे म्हातारीने नवी कवळी बसवली आहे. तुझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरला हे मी सांगायचं?

क्लचबद्दल लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं. मुद्दा ग्राह्य आहे. आपल्या समितीत तांत्रिक सदस्य नाही. त्याची व्यवस्था मी करते आहे. तोवर खरेदी तहकूब.

पत्र लहान आहे, कारण हल्ली रोज सकाळी मला एका ठिकाणी जावं लागतं. कुठे ते विचारू नकोस. डावा पाय फार भरून येतो. परवा तर छातीत इतकं धडधडलं की डोळ्यांपुढे काही दिसेना, पण तिथले गृहस्थ म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं.

आत्या

४ ऑक्टोबर

आत्या,

हे काय? पाय कधीपासून भरून येतोय? घोट्याशी गरम लागतो का? उठताना आधी पुढून उठतेस की मागून? हे प्रश्न मी गाईसाठी शिकले आहे, पण पाय तो पायच. आणि ते ‘तिथले गृहस्थ’ कोण? डॉक्टर असतील तर त्यांचं शिक्षण विचारून घे. ‘सगळ्यांचं असंच होतं’ हे आम्ही निदान लागलं नाही की म्हणतो.

बाबांना कळवलं. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, “तिलाच विचार.”

माझी काळजी करू नकोस. दुधाची गाडी पहाटे त्याच बाजूला जाते, तिच्यातून जाते म्हणजे झालं. दुधाचे कॅन आणि मी, आम्ही सगळेच हिंदकळत पोचतो. गाडीची मला काही घाई नाही. ती पांढरी विकली गेली म्हणे. घेणारी कुणी नशीबवान असणार.

तू फक्त आराम कर. गाडीबिडीचा विचार डोक्यात आणू नकोस.

तुझी
टिटवी

१३ ऑक्टोबर

चि. टिटवी,

पायाला काही झालेलं नाही. मी पुढूनच उठते.

एक गाडी सापडली आहे. इथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची. निळी, छोटी. ते नवी घेणार, म्हणून ही काढतायत. किंमत तुझ्या तिन्ही दरांपेक्षा कमी. डोक्यावरची पाटी काढून देतील. पेट्रोल स्कूलवाले मास्तर स्वतःच्या खिशातून भरतात, म्हणून इंजिन लेकरासारखं सांभाळलंय. मोकळ्या रस्त्यावर लिटरला एकोणीस. हे कुणी लिहून दिलेलं नाही; टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा भरून मोजलंय.

दुसऱ्या गिअरला ती जरा कुरकुरते. तेव्हा जबरदस्ती करायची नाही. मनात ‘एक’ म्हणायचं आणि मग टाकायचा. चढावर थांबून निघताना पाय उचलायची घाई केली तर बंद पडते, आणि मागचे लोक भोंगे वाजवतात. वाजवू द्यावेत. भोंग्याने चढ कमी होत नाही.

एक वैशिष्ट्य. बाजूच्या सीटलाही ब्रेक आणि क्लच आहे, शिकवणाऱ्यासाठी. जादा किंमत नाही.

ही सगळी माहिती माझ्या परिचयाच्या एका बाईंनी दिली. त्यांनी स्वतः चालवून पाहिली आहे. बाई वयस्कर आहेत, पण समंजस. माझी शिफारस आहे. होकार कळव.

आत्या

२० ऑक्टोबर

आत्या,

दोन ब्रेकची गाडी म्हणजे दोन सासवांचं घर. मला गाडी हवी आहे, फिरती समिती नको. डोक्यावरची पाटी काढली तरी सगळं गाव बघून म्हणणार, हिला अजून येत नाही.

आणि तुझ्या त्या परिचयाच्या बाई! मनात ‘एक’ म्हणून गिअर टाकतात? चढावर बंद पाडतात? या वयात हे खूळ कुणी घातलं त्यांच्या डोक्यात? त्यांना म्हणावं, घरी बसा, स्वेटर विणा, टाका चुकला तर उसवता येतो. अशांच्या शब्दावर तू शिफारस करतेस याचं नवल वाटतं. तूच म्हणायचीस ना, कुणाच्या शब्दावर जायचं नाही?

बाकी ठीक. माझ्या एका मैत्रिणीने जुनी गाडी घेतली. कुठल्या रंगाची ते आता आठवत नाही. बिचारी जरा त्रासात आहे. बावीस जाते म्हणून घेतली, दहा जाते. पंपावरचा माणूस तिला घरच्यासारखा ओळखतो, मुलांची ख्यालीखुशाली सांगतो. शिवाय गाडी तापते. सारखं पाणी पाजावं लागतं, म्हणजे पेट्रोल वेगळं आणि पाणी वेगळं. दवाखान्यात दोनदा उशीर झाला तिला. मी तिला म्हटलं, आत्याला विचारायला हवं होतंस.

तुझ्या पायाचं कसं आहे ते तू पुन्हा लिहिलं नाहीस.

टिटवी

२९ ऑक्टोबर

चि. टिटवी,

तुझी मैत्रीण मूर्ख आहे. हे तिला माझ्या नावाने कळव. दलालाने लिहून दिलेल्या कागदावर ‘अंदाजे’ हा शब्द आहे का ते तिला बघायला सांग. असला, तर तो कागद फक्त बसायला उपयोगी. निळा धूर निघतो म्हणजे गाडी पेट्रोलबरोबर तेलही खाते. पाणीही संपतंय, म्हणजे आतलं काहीतरी फुटलंय. इतकी सगळी भूक असलेलं जनावर तिने गोठ्यात आणलंच कसं?

माझ्या परिचयाच्या बाईंना तुझा निरोप पोचला. त्यांची मागच्या आठवड्यात लायसन्सची परीक्षा होती. उलटं घेताना खांबाला लागली. खांब नको तितका पुढे होता, असं त्यांचं म्हणणं. परीक्षक म्हणाले, “आजी, कशाला आता?” या सोमवारी पुन्हा दिली. पास झाल्या. तेच परीक्षक उठून उभे राहिले. अर्थात त्यांना जेवायला जायचं होतं, हेही शक्य आहे.

स्वेटर त्यांना विणता येत नाही.

आत्या

९ नोव्हेंबर

आत्या,

तुझ्यावर रागवायला वेळ नाही. मैत्रिणीचं फार वाईट झालं.

काल सकाळी ती दवाखान्यात निघाली होती. वाटेत एका घरापुढे माणूस हात करून उभा. त्याची शेळी अडलेली, पिल्लू आडवं, दवाखान्यापर्यंत न्यायला वाहन नाही. मैत्रिणीने शेळी मागच्या सीटवर घेतली. माणूस शेजारी शेळीचं डोकं धरून बसला. थोडं पुढे गेले तर बॉनेटमधून वाफ, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. शेळी ओरडतेय, माणूस रडतोय, गाडी फुसफुसतेय. तिघांत खरं संकटात कोण, तेच कळेना.

मग मैत्रिणीने तिथेच बाह्या सरसावल्या. हात घालून पिल्लू फिरवलं. एक आलं. त्याच्यामागे, कुणी बोलावलं नसताना, दुसरंही आलं. दोन्ही जिवंत! त्या माणसाने तिच्या पायाला हात लावला. आत्या, तो क्षण... मैत्रीण म्हणत होती की तो क्षण ती कधी विसरणार नाही.

पण दवाखान्यात पोचायला खूपच उशीर झाला. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शेळी तपासली, पिल्लं तपासली, आणि म्हणाल्या, “शेळी वेळेवर व्यायली. डॉक्टर उशिरा आली.” तिसरा शेरा. आणखी एक झाला की सहामाही पुन्हा. वर पुन्हा राहायचा खर्च, आणि सहा महिने मागे.

मैत्रीण फार रडली. तिचा रुमाल पिल्लं पुसण्यात गेला होता, म्हणून तिने माझ्या बाहीने डोळे पुसले.

टिटवी

१२ नोव्हेंबर

चि. टिटवी,

तुझ्या मैत्रिणीला सांग, रविवारी सकाळी घरी थांब. माझ्या परिचयाच्या बाई येत आहेत.

आत्या

२१ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

हे पत्र आत्याला दाखवू नका. तुम्ही दाखवणार नाहीच; तुम्ही सहसा काही करत नाही.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंग्यांचा गजर झाला. मला वाटलं लग्नाची वरात आहे. खिडकीतून पाहिलं तर पुढे एक निळी छोटी गाडी शेळीच्या चालीने येत होती आणि मागे अख्ख्या गावाची वाहनं अडकली होती. निळ्या गाडीच्या स्टिअरिंगवर फक्त एक चष्मा दिसत होता. गाडी जवळ आली तेव्हा चष्म्याच्या मागे आत्या दिसली.

बाजूच्या सीटवर एक मिशीवाले गृहस्थ मांडी घालून बसले होते. अगदी जेवायला बसतात तशी मांडी. ते स्कूलचे मास्तर. नंतर म्हणाले, “बाईंनी निघतानाच तंबी दिली होती. ब्रेकला पाय लावलात तर आहे तिथे उतरवीन. म्हटलं, पाय खाली ठेवला तर मोह व्हायचा. निघाल्यापासून असाच बसलोय.” त्यांना उतरवायला दोघींना धरावं लागलं.

गाडी थांबली ती घरमालकिणीच्या कुंड्यांच्या रांगेत. एक कुंडी गेली.

“कुंडी पुढे होती,” आत्या उतरत म्हणाली.

मी म्हटलं, “त्या तुझ्या परिचयाच्या बाई कुठायत?”

“तुझी मैत्रीण कुठाय?” ती म्हणाली.

मास्तर पाय झटकत म्हणाले, “चहा मिळेल का?”

बाबा, मी तिला स्वेटर विणायला सांगितलं होतं. ते आठवून माझे कान तापले. मी म्हटलं, “तुझा पाय... मला वाटत होतं तू आजारी आहेस. मी काय काय मनात आणलं होतं...”

“क्लचने दुखत होता,” ती म्हणाली. “रडू नकोस, बाही आधीच मळलीय. तू लिहिलं होतंस ना, एकदा तरी क्लच दाबला असतास तर? दाबला.”

मग ती पांढरीभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, “कागद आण. चल दलालाकडे.”

मला वाटलं, आता भाऊची खैर नाही. जिने मोठमोठ्या पुरवठादारांना घाम फोडला ती आत्या! तिने भाऊसमोर कागद उलगडला आणि मोठ्याने वाचला, “‘लिटरला अंदाजे बावीस. रस्ता, वारा, उतार व चालवणाऱ्याचा स्वभाव यांस अधीन राहून.’” मग तिने चष्मा काढला. “हे कुणी लिहिलं?”

“मीच,” भाऊ जरा घाबरून म्हणाला.

“सुरेख लिहिलंय,” आत्या म्हणाली. “यात तुला कुणीही, कुठेही पकडू शकत नाही. तू आमच्या खात्यात असतास तर आज वरच्या मजल्यावर बसला असतास.”

भाऊने मान लववली. दोन मोठे कलावंत भेटावेत तसे ते दोघं अर्धा तास कलमांवर बोलत बसले आणि मी उभी! शेवटी भाऊ म्हणाला, “तुमच्यासाठी म्हणून गाडी परत घेतो.” जो आकडा त्याने सांगितला, तो ऐकून मास्तरही म्हणाले, एवढ्यात तर नुसते टायर येत नाहीत.

आत्या उठली. पांढरीचं दार उघडून आत बसली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समोर बघत होती. मग म्हणाली, “निळी तू ठेव. ही मी नेते.”

“आत्या, ही पिते!” मी म्हटलं. “खाते, पिते, तापते! तक्त्यात बसत नाही कुठे!”

“पिऊ दे,” ती म्हणाली. “मला कुठे रोज दवाखाना गाठायचाय?”

गॅरेजवाल्याने आतलं फुटलेलं बदललं आणि मंगळवारी मास्तरांना मांडी घालायला लावून ती गेली. पांढरीत बाजूला ब्रेक नाही, तरी ते मांडीच घालून बसले. सवय लागली म्हणाले.

तुम्ही मला त्या गाडीसाठी गुपचूप मदत केलीत हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुमची
टिटवी

२६ नोव्हेंबर

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझी आत्या गाडी शिकते आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिकवणीच्या अर्जावर जवळचा नातेवाईक म्हणून माझीच सही आहे. तुझी पांढरी तर माहीत होतीच. दोघींनी मला वेगवेगळी शपथ घातली होती. दोन महिने नीट जेवलो नाही. आता कृपा करून दोघींपैकी कुणीही मला काही सांगू नका.

बाबा

८ डिसेंबर

आत्या,

निळी उत्तम चालते. मी मनात ‘एक’ म्हणते आणि गिअर टाकते. तुझी माफी मागायला हवी, पण तू ती शुद्धलेखन तपासून परत पाठवशील. पेट्रोल इतकं कमी लागतं की पंपावरच्या माणसाला वाटलं, मी गाव सोडून गेले. परवा भेटला तर डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

आता मुख्य बातमी. बाजूची पेडलं काढायला गॅरेजवाल्याला वेळ मिळत नव्हता, म्हणून ती तशीच होती. परवा सकाळी निघाले तर कोपऱ्यावर मोठ्या बाई उभ्या. त्यांची नवी कोरी गाडी सुरूच होईना. मी थांबले. त्या बाजूला बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि आम्ही निघालो.

पहिल्या वळणावर गाडी गचकन थांबली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा निघाले. समोरून सायकल आली, गचकन थांबली. कुत्रं दिसलं, थांबली. कुत्रं लांब होतं आणि झोपलं होतं. मग मी खाली बघितलं. आत्या, बाईंचा पाय ब्रेकवर! त्यांनी दोन्ही हातांनी पर्स धरली होती आणि चेहरा असा, की मी काही बोलायचं धाडस केलं नाही.

शेवटी त्यांनीच विचारलं, “हा ब्रेक खरा आहे?”

“हो, बाई.”

“आजवर प्रत्येकाच्या गाडीत मी तिथे पाय दाबत आलेय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच काहीतरी झालं.”

त्यानंतर त्यांनी एकही संधी सोडली नाही. पोचलो तेव्हा दवाखान्यापुढे दोन घोडे, एक वासरू आणि सगळा स्टाफ वाट बघत उभा होता. उशीर, आणि तोही घसघशीत. माझा चौथा शेरा. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

हजेरीचं रजिस्टर बाईंच्या पर्समध्येच होतं. त्यांनी ते बॉनेटवर ठेवलं, माझ्या नावापुढे पेन नेलं आणि थांबल्या. मग आपल्या नावाकडे बघितलं. मग दोन्ही नावांपुढे लिहिलं, ‘वाहतूक कोंडी’. त्या रस्त्यावर आमच्याखेरीज दोन बदकं होती.

आता त्या रोज सकाळी कोपऱ्यावर उभ्या असतात. त्यांची गाडी केव्हाच दुरुस्त झालीय. पेडलं काढायची नाहीत असं मला बजावलंय. आम्ही रोज थोड्या उशिराच पोचतो आणि रोज कोंडी असते.

तुझी पत्रं मात्र लहान लहान येतायत. सगळं बरं आहे ना? पांढरी त्रास देते का? खरं लिही. या वेळी ‘परिचयाच्या बाई’ नकोत.

तुझी
टिटवी

१७ डिसेंबर

चि. टिटवी,

या पत्राला विषय नाही.

पांढरी त्रास देते. मागे पाण्याचा कॅन असतो. पंपावरच्या पोराने मला परवा विचारलं, “आजी, टॅक्सी चालवता का?” शेजारीण रोज विचारते, एवढी गाडी कशाला घेतली. सुरुवातीला मी उत्तरं द्यायची. बँक लांब आहे, औषधाचं दुकान लांब आहे, गुडघे दुखतात. सगळी कारणं व्यवस्थित होती. कुणालाही दाखवता आली असती.

निवृत्त झाल्यावर मला सगळ्यांनी सांगितलं होतं, आता निवांत झालीस. निवांत म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. मी सकाळी उठून पेपर वाचायची, त्यातल्या निविदा आधी. मग त्यातल्या चुका काढायची. मग जेवायची. तुझं गाडीचं पत्र आलं तेव्हा मी इतकी खूश झाले होते की उत्तर मुद्दाम उशिरा टाकलं, तुला दिसू नये म्हणून.

काल सकाळी आवरलं आणि किल्ली घेतली. बँकेचं पासबुक पिशवीत घालणार होते, ते घातलं नाही. पिशवीही घेतली नाही. चौकात आले. डावीकडे बँक, उजवीकडे बाजार. मागच्याने भोंगा वाजवला. मी सरळ गेले.

सरळ गेलं की पुढे एक तळं लागतं. मला इतकी वर्षं माहीत आहे. एकदा त्याच्या गाळाच्या कामाची फाईल माझ्याकडे आली होती, म्हणून त्याची लांबी, रुंदी, खोली सगळं पाठ होतं. पाणी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी तापली होती, म्हणून थंड होईपर्यंत काठावर बसले. थंड झाल्यावरही बसले. एका बाईंनी विचारलं, “इकडे काय काम काढलंत?”

म्हटलं, “काही नाही.”

आत्या